साखर सुटली, ताट तेच

मराठी घरात कुणाच्या रक्तात साखर निघाली की पहिली गदा चहावर येते. दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाचा चहा वेगळ्या पातेल्यात उकळतो, सणाला श्रीखंडाची वाटी त्याला वगळून पुढे सरकते आणि पाहुणे म्हणून गेल्या घरी घरचे आधीच सांगून ठेवतात, "यांना बिनसाखरेचा." बाकी ताट जागच्या जागी राहतं. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, चार वाजता खारी नाहीतर टोस्ट, रात्री पुन्हा पोळी-भात. तीन महिन्यांनी एचबीए१सीचा, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या तीनेक महिन्यांच्या सरासरीचा, रिपोर्ट येतो, आकडा होता तिथेच असतो, आणि रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, मी तर साखर कधीच सोडली." तो खोटं बोलत नसतो. चार कप चहातली दोन-दोन चमचे साखर म्हणजे चाळीसेक ग्रॅम. दिवसभराच्या धान्यातून आणि बटाट्यातून येणारा स्टार्च सहज त्याच्या सहा-सात पट असतो, आणि पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं.

साखर सोडावीच. पण मधुमेह टाळण्याचा आणि आटोक्यात ठेवण्याचा सगळा प्रश्न आपण गोडापाशी अडकवून ठेवला, यात मोठं नुकसान झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि चेन्नईचं मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांनी राज्याराज्यांत केलेल्या 'इंडियाब' पाहणीचे देशभरचे आकडे २०२३ साली आले. १० कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वांत वर गोवा: तिथे प्रौढांपैकी २६.४ टक्के. याच पाहणीचा आहारावरचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असं त्यात दिसलं. त्यातला आणखी एक निष्कर्ष वर्तमानपत्रांत फारसा गाजला नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पांढऱ्या तांदळाच्या किंवा मैद्याच्या जागी गव्हाचं वा भरडधान्याचं पीठ आणलं, पण कर्बोदकांचा एकूण वाटा तेवढाच ठेवला, तर धोका कमी झालेला दिसत नाही. त्यातला पाच टक्के उष्मांकांइतका वाटा डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांना दिला, तर दिसतो. हा पाहणीतला संबंध आहे, प्रयोगातला पुरावा नव्हे, एवढं ध्यानात ठेवावं लागेल. तरीही 'भात सोडा, भाकरी खा' या घरोघरच्या सल्ल्यापुढे त्यानं प्रश्नचिन्ह लावलंच.

या लेखातला मधुमेह म्हणजे दुसऱ्या प्रकारचा, साधारणपणे प्रौढ वयात दिसणारा. पहिल्या प्रकारात शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. तिथे आहार-व्यायामाची मदत होते, पण इन्सुलिन बंद केलं तर जीव जातो. हे इतक्या उघडपणे लिहावं लागतं, कारण 'इंजेक्शन सोडवून देतो' असं सांगणारे लोक दोन प्रकारांत फरक करत बसत नाहीत.

सवयी बदलून मधुमेह खरोखर टळतो का, याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत कुणाजवळ नव्हतं. अंदाज होते. १९८६ साली चीनच्या ईशान्येकडच्या दाचिंग या तेलनगरीत एक लाखाहून अधिक लोक तपासून उंबरठ्यावरचे ५७७ जण निवडले गेले. कुठल्या दवाखान्याच्या रुग्णांना काय सांगायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ठरलं: काहींना आहार, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना काहीच विशेष नाही. सहा वर्षांत त्या शेवटच्या गटातल्या ६८ टक्के लोकांना मधुमेह झाला, बाकीच्या तिन्ही गटांत ४१ ते ४६ टक्क्यांना. प्रयोग संपला, सल्ला थांबला, पण संशोधकांनी त्या माणसांचा पिच्छा सोडला नाही. तीस वर्षांनी हिशोब केला तेव्हा सल्ला मिळालेल्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षं लांबलेला होता आणि हृदयविकार-पक्षाघाताच्या घटना सुमारे एक चतुर्थांशानं कमी होत्या. मधे फिनलंडनं ५२२ जणांवर आणि अमेरिकेनं ३,२३४ जणांवर असाच प्रयोग केला. दोन्हीकडे धोका ५८ टक्क्यांनी उतरला. अमेरिकेतल्या प्रयोगात मेटफॉर्मिनच्या गोळीनं तो ३१ टक्क्यांनीच उतरला होता, त्यामुळे ती बातमी जगभर झाली. तिथलं उद्दिष्ट साधं होतं: वजन सात टक्क्यांनी कमी करा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चाला.

भारताचं उत्तर २००६ साली चेन्नईहून आलं आणि ते जरा वेगळं होतं. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांना तीन वर्षं पाहिलं. काहीही न केलेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना तेवढ्यात मधुमेह झाला. पाश्चात्त्य देशांत इतक्या वेगानं तो होत नाही. आहार-व्यायामानं धोका सुमारे २८ टक्क्यांनी उतरला, मेटफॉर्मिननंही साधारण तेवढाच, आणि दोन्ही मिळूनही त्याहून जास्त नाही. फिनलंडच्या निम्मा फायदा, असं म्हणून काहींनी नाक मुरडलं. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते: या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. काटा हलला नाही तरी रोग लांबला. आपल्याकडे महिनाभर चालून वजन तेवढंच राहिलं की 'काही उपयोग नाही' म्हणून बूट कोपऱ्यात पडतात. या माणसांना कुणीतरी चेन्नईचे आकडे दाखवायला हवेत.

पुढचे भारतीय प्रयोग या यशाला धरूनही आहेत आणि त्याला चाप लावणारेही. त्याच रामचंद्रन यांनी २०१३ मध्ये ५३७ नोकरदार पुरुषांवर केलेल्या प्रयोगात मोबाइलवर नियमित जाणाऱ्या छोट्या संदेशांनी दोन वर्षांत धोका ३६ टक्क्यांनी कमी झाला. खर्च नगण्य. उलट केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या मतदान केंद्रांच्या ६० वस्त्यांत शेजाऱ्यांचेच गट बांधून सुमारे हजार लोकांवर केलेल्या प्रयोगात मधुमेहाचं प्रमाण थोडं उतरलं, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. लोकांच्या काही सवयी सुधारल्या, रोगाचा आकडा मात्र ठामपणे हलला नाही. 'जीवनशैली बदला' हे वाक्य औषधासारखं ठरावीक मात्रेत ठरावीक परिणाम देत नाही. कुणी, कुणाला, किती काळ आणि किती नेटानं सांगितलं यावर सगळं ठरतं.

वजनाचा मुद्दा इथे पुण्याकडे घेऊन जातो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडानं, स्नायूनं, पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानानं राखलेली होती. दिसायला हडकुळं, आतून चरबीदार. २००४ साली याज्ञिकांनी आपला आणि इंग्रज सहकारी जॉन यूडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यूडकिनच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. यूडकिन मॅरेथॉन पळतात, आपला मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत ती गाठणं, असंही त्यांनी मिश्कीलपणे नोंदवलं होतं. भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ बीएमआय २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ वर ओढली जाते, त्यामागे हेच शरीर आहे. त्याहून सोपं माप शिंप्याच्या टेपचं: पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत असावी. "मी तर बारीक आहे, मला कसला मधुमेह" असं म्हणणाऱ्याला ही टेप जास्त खरं सांगते.

आता ताटाकडे. मराठी ताटाचा एक गुण आणि एक दोष एकाच जागी आहेत. उसळ, पिठलं, आमटी, झुणका, कोकणातलं कुळथाचं पिठलं, खानदेशातली डाळ-बट्टी, वऱ्हाडातलं वरण: प्रत्येक भागाकडे कडधान्याचा स्वतःचा पदार्थ आहे, म्हणून प्रथिनांसाठी परदेशी डब्यातली पावडर शोधायची गरज नाही. पण हे सगळे पदार्थ 'लावून खायला' असतात. वाटीभर आमटी पातळ करून चौघांत जाते आणि पोट पोळीनं, भातानं भरतं. शंभर ग्रॅम मुगात किंवा कुळथात बाविसेक ग्रॅम प्रथिनं असतात, मटकीत विसाच्या आसपास. तेवढ्याच तांदळात सात-आठ. चार माणसांच्या आमटीला मूठभर डाळ घालणाऱ्या घरात प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच ग्रॅमच येतात. तेव्हा पहिला बदल ताटात नवा पदार्थ आणण्याचा नाही, प्रमाण उलटं करण्याचा आहे: दोन वाट्या घट्ट उसळ आणि तिच्याबरोबर एक-दीड पोळी. ऐकायला किरकोळ, करायला अवघड, कारण आपल्याकडे जेवणाचं माप पोळ्यांत मोजतात. "आज दोनच पोळ्या?" हा प्रश्न आजही काळजीचा समजला जातो.

ज्वारी-बाजरी-नाचणीचं काय? २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं आणि त्यानिमित्तानं या धान्यांवर बरीच फुलं उधळली गेली. कोरडवाहू शेतीसाठी, जमिनीसाठी, पोषणातल्या विविधतेसाठी ती योग्यच आहेत. मधुमेहासाठी मात्र जरा हात राखून बोलायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चाळून कोंडा न काढलेली गव्हाची कणीक या चौघींत शंभर ग्रॅममागे तंतू दहा-अकरा ग्रॅमच आहेत. खरा मागे पडतो तो पांढरा तांदूळ, तीन ग्रॅमांच्याही खाली. शिवाय एका नीटस ज्वारीच्या भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ती दोन फुलक्यांच्या बरोबरीची. दोन फुलके सोडून दोन भाकऱ्या सुरू करणाऱ्या माणसानं धान्य दुप्पट केलेलं असतं. आणि नाचणीचं सत्त्व हे तर धान्य भिजवून, वाटून, गाळून उरलेला जवळपास निव्वळ स्टार्च. बाळाला ठीक, मधुमेही आजोबांना 'पौष्टिक' म्हणून रोज देण्यात काही हशील नाही. भाकरी जरूर खावी. ती चावावी लागते, पोट लवकर भरतं, आणि ठेचा-पिठल्याबरोबर दोन खायचा मोह एका भाकरीवर थांबवता आला तर तिचा फायदाही मिळतो.

भाताबद्दल एवढंच सांगता येईल की दक्षिण आशियात दिवसाला ४५० ग्रॅमहून जास्त शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका दीडशे ग्रॅमच्या आत खाणाऱ्यांपेक्षा ६१ टक्के अधिक आढळला. एकवीस देशांतल्या सव्वा लाखाहून अधिक लोकांचा हा अभ्यास २०२० साली आला. कोकणी किंवा गोमंतकीय माणसानं भात सोडावा असा अर्थ त्यातून काढू नये. एक मूद भात, मोठा तुकडा मासळी आणि भाजी अशी वाटणी झाली तर शीतकडी घशाखाली उतरवायला कुणाची हरकत नाही.

न्याहारी हा ताटातला सर्वांत कच्चा दुवा. पोहे, उपमा, शिरा, साबुदाण्याची खिचडी, पाव, खारी: सगळी एकाच कुळातली. त्यांच्यात शेंगदाणे आणि कोथिंबीर पेरली म्हणून कुळ बदलत नाही. मुगाचं धिरडं, थालीपीठ आणि दही, दोन अंडी, मोड आलेली मटकी असे पर्याय परके नाहीत, फक्त सकाळच्या घाईत मागे पडले. थालीपिठाच्या भाजणीत डाळी किती घ्यायच्या हे घरच्या हाती असतं, म्हणून विकतच्या भाजणीपेक्षा घरची बरी.

उपवासाची गोष्ट वेगळी काढावी लागते, कारण 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेह्यांसाठीच केली असावी असं वाटतं. साबुदाणा म्हणजे शुद्ध स्टार्च, त्याला बटाट्याची जोड, वर रताळ्याचा गोड कीस. श्रावणी सोमवारी आणि नवरात्रात रक्तातल्या साखरेचा आलेख असा काही उसळतो की नेहमीचं जेवण परवडलं असतं. भगरही धान्यच आहे, पण तिच्याबरोबर दाण्याची आमटी आणि ताक घेता येतं, ते तुलनेनं बरं. याच्या उलट टोकाला निर्जळी किंवा कडक उपवास करणारे आहेत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना पोट रिकामं ठेवलं तर साखर धोकादायक खाली जाते. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, प्रसंगी बेशुद्धी. देवाचं व्रत करायचंच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना सांगून त्या दिवसाची मात्रा ठरवून घ्यावी. रमजानचे रोजे धरणाऱ्यांना अनेक डॉक्टर अशी आखणी करून देतातच, एकादशीसाठी मात्र कुणी विचारायला जात नाही.

गूळ आणि मध यांच्याबद्दल एक ओळ पुरे: शंभर ग्रॅम गुळात पंच्याऐंशी ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, बहुतेक साखरच. शुगर-फ्री बिस्किटात साखर नसते, मैदा असतोच. कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांचं चूर्ण यांच्यामुळे साखर थोडी उतरते असं सांगणारे लहान-लहान अभ्यास आहेत, पण गोळीची जागा घेण्याइतकी ताकद त्यांच्यात दिसलेली नाही. आंबा? एप्रिल-मे महिन्यांत हापूसची अर्धी फोड जेवणातली अर्धी पोळी कमी करून खाल्ली तर आभाळ कोसळत नाही. आमरस-पुरी ही निराळी चीज.

खाण्याच्या वेळांवरून महाराष्ट्रात जे रण माजलं, तसं क्वचितच दुसऱ्या राज्यात माजलं असेल. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं, हा कार्यक्रम गावोगाव नेला. व्हॉट्सअॅपवर गट बांधले, सभागृहं भरली. २०१८ च्या सुमारास त्यांच्या आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या अनुयायांत जुंपली. दिवेकर सांगत होत्या, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, आजीच्या स्वयंपाकघरातलं खा, तुपाला घाबरू नका. घराघरांत दोन तट पडले आणि भावा-भावांत 'तू दीक्षितवाला की दिवेकरवाला' असे वाद झाले.

शास्त्राचा कौल बऱ्यापैकी कंटाळवाणा आहे. प्रागमध्ये २०१४ साली ५४ मधुमेह्यांना तेवढेच उष्मांक एकदा सहा लहान जेवणांत आणि एकदा दोन मोठ्या जेवणांत देऊन पाहिलं. बारा आठवड्यांत दोन जेवणांवर वजन ३.७ किलोनं उतरलं, सहांवर २.३ किलोनं. दीक्षितांच्या बाजूनं हा पुरावा म्हणता येईल, पण एक गोम आहे: ती दोन जेवणं सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण ही होती, रात्रीचं ताट नव्हतं. ५५ मिनिटांच्या रेघेला मात्र प्रयोगाचा आधार मला दिसत नाही. माझ्या मते या पद्धतीचं खरं बळ 'दर खाण्याला इन्सुलिन सुटतं, म्हणून कमी वेळा खा' या तिच्या सिद्धांतात नाही. अकरा आणि चार वाजताची चहा-बिस्किटं, ऑफिसातला समोसा, टीव्हीपुढचा चिवडा हे सगळं तिनं एका नियमात बंद केलं. फुकट, लक्षात राहणारा, माप-तोल न लागणारा नियम. दर दोन तासांनी खायची मुभा मिळाली की मराठी माणूस दर दोन तासांनी भिजवलेले बदाम खातो असं नाही, तो फरसाण खातो. दिवेकरांचं म्हणणं मात्र दुसऱ्या जागी खरं ठरतं: हंगामी, घरचं, ओळखीचं खाणं टिकतं. गोळ्या-इन्सुलिनवर असलेल्यांनी दोनपैकी कुठलीही वाट डॉक्टरांना न सांगता धरू नये, कारण जेवण कमी झालं आणि मात्रा तीच राहिली तर साखर खाली जाते.

व्यायामाकडे वळण्याआधी शरीराची एक गंमत सांगायला हवी. जेवणानंतर रक्तातलं ग्लुकोज साठवण्याचं सर्वांत मोठं गोदाम म्हणजे स्नायू. एरवी त्या गोदामाचं दार इन्सुलिन उघडतं. मधुमेहात किल्ली नीट लागत नाही. पण स्नायू आकुंचन पावू लागला की ते दार इन्सुलिनच्या मदतीशिवायही उघडतं. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर सरळ ओढून घेतात. हे कळल्यावर शतपावलीकडे नव्या नजरेनं पाहावंसं वाटतं. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली ४१ मधुमेह्यांना दिवसातून एकदा केव्हाही तीस मिनिटं चालायला लावलं आणि मग तेवढीच मिनिटं तीन जेवणांनंतर दहा-दहा अशी वाटून दिली. वाटून चालल्यावर जेवणानंतरची साखर १२ टक्के कमी, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के कमी भरली. आपलं रात्रीचं जेवण सर्वांत जड आणि त्यानंतर सर्वांत कमी हालचाल, म्हणून हा आकडा आपल्यासाठी. शंभर पावलं थोडी होतात, दहा मिनिटं घ्यावीत, इमारतीच्या आवारातल्या आवारात का होईना.

पहाटे बागेत तासभर फिरणं वाईट नाही, पण त्यावरच सगळी भिस्त ठेवण्यात दोन घोटाळे आहेत. बाकीचे पंधरा तास खुर्चीत गेले तर त्या तासाचा परिणाम पातळ होतो. आणि फिरण्यानं स्नायू फारसा वाढत नाही, तर आपली मूळ अडचण स्नायूंच्या तुटवड्याची आहे. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम हवा. त्यासाठी जिमची फी भरायलाच हवी असं नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, जिना, पाण्यानं भरलेल्या बाटल्या. ज्या मातीत तालमी झाल्या, जिथे औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तिथे पन्नाशीनंतर 'आता काय व्यायाम' हे वाक्य इतकं रुळावं, हे विचित्रच. २०११ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात आठवड्याला दीडशे मिनिटांहून जास्त आखीव व्यायाम करणाऱ्यांचं एचबीए१सी ०.८९ नं उतरलेलं दिसलं, त्याहून कमी करणाऱ्यांचं ०.३६ नं. नुसत्या 'व्यायाम करत जा' या तोंडी सल्ल्याचा, आहाराची जोड नसेल तर, परिणाम दिसलाच नाही. आपल्या बहुतेक दवाखान्यांत नेमका तेवढाच मिळतो.

एक धोक्याची सूचना. गवतावर अनवाणी चाला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्याच्या तळपायाची संवेदना मधुमेहानं गेली आहे त्याला काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते, बोट कापावं लागतं. अशा माणसानं घरातसुद्धा चप्पल घालावी. डोळ्याच्या पडद्याला इजा झालेल्यानं जड वजनं उचलण्याआधी तपासून घ्यावं.

'मधुमेहमुक्ती'च्या पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. त्यांच्यामागे थोडं खरं शास्त्र आहे. स्कॉटलंड आणि टाइनसाइडच्या परिसरात रॉय टेलर आणि माइक लीन यांनी ३०६ जणांवर केलेल्या प्रयोगात पहिले तीन ते पाच महिने रोज सव्वाआठशे ते साडेआठशे उष्मांकांवर ठेवलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधांविना मागे हटला. पंधरा किलो किंवा त्याहून अधिक वजन घटवलेल्यांत तर ८६ टक्क्यांचा. दोन वर्षांनी मात्र आकडा ३६ टक्क्यांवर आला आणि वजन परत चढलं तसतसा तो आणखी उतरला. हे सगळे लोक सहा वर्षांच्या आत निदान झालेले, आणि इन्सुलिनवर कुणीही नाही. वीस वर्षांच्या जुन्या मधुमेहाला, किंवा आधीच बारीक असलेल्या, पंधरा किलो घटवायला जागाच नसलेल्या माणसाला हा हिशोब लागू होत नाही. २०२१ साली ठरलेल्या व्याख्येनुसार औषधं बंद करून किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला माघार म्हणायचं. कायमची सुटका असा त्याचा अर्थ नाही, तपासण्या चालूच ठेवायच्या. अमेरिकेत पाच हजारांहून अधिक मधुमेह्यांपैकी निम्म्यांना जवळजवळ दहा वर्षं काटेकोर आहार-व्यायामावर ठेवूनही हृदयविकार-पक्षाघात कमी झाले नाहीत, हेही पाटीवर कुणी लिहीत नाही. गोळ्या कमी लागल्या, वजन उतरलं, हालचाल सुधारली. हृदयासाठी मात्र रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांच्याकडे वेगळं पाहावंच लागलं.

२०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपॅटाइड हे आठवड्याचं इंजेक्शन भारतात आलं आणि श्रीमंतांच्या जेवणावळीत त्याचीच चर्चा सुरू झाली. भूक मरते, वजन झपाट्यानं उतरतं, साखरही. पण उतरणाऱ्या वजनात स्नायूही असतो, आणि तो आपल्याकडे आधीच कमी. इंजेक्शन घेणाऱ्याला प्रथिनं आणि जोर-बैठका इतरांपेक्षा जास्तच लागतील.

राहिला प्रश्न हे सगळं करायचं कुणी. आहाराचा सल्ला बहुधा पुरुष रुग्णाला दिला जातो आणि अंमल त्याची बायको करते. तिला स्वतःला मधुमेह निघाला तर तिच्यासाठी वेगळं कुणी करत नाही. उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तीच खाते. घरातल्या एकासाठी निराळं पथ्याचं ताट हा प्रकार चार महिन्यांवर टिकत नाही. सगळ्यांची उसळ घट्ट झाली, सगळ्यांचा भात अर्धा झाला, तर टिकतो. मुलांनाही त्यात तोटा नाही. म्हणून तपासणीच्या खोलीत रुग्णाबरोबर स्वयंपाक करणारी व्यक्तीही बसलेली असावी, एवढी साधी अट दवाखान्यांनी घालायला हरकत नसावी.

आणि डाळीचा भाव. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना पाच किलो धान्य दिलं आणि त्यानं भूक आवरली हे निर्विवाद, पण ते धान्य मुख्यतः गहू-तांदूळच. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारनं शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' वाटला, त्यात रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ होती. चारांतली एक वस्तू उपयोगाची. तामिळनाडूत रेशनच्या दुकानात तूरडाळ वर्षानुवर्षं सवलतीत मिळते. मजुरी करणाऱ्या बाईला दोन वाट्या घट्ट आमटी खा म्हणून सांगायचं असेल तर डाळ तिच्या रेशनकार्डावर यायला हवी, आणि दर महिन्याला.